कोरी चिठ्ठी कुणाची

ग्रीसच्या डोंगरातल्या आमच्या मेसोराखीत कुणी वारलं की लोक आधी विचारतात, कुठल्या खुर्चीवर बसायचा तो, निळ्या की हिरव्या? नाव-गाव नंतर. मी लग्न होऊन या डोंगरात आले तेव्हा सासूने मला पहिल्या दिवशी चूल दाखवली आणि दुसऱ्या दिवशी चौकातलं हिरवं कॉफीघर दाखवलं. म्हणाली, "लेमोनिया, आपलं हे. समोरच्या निळ्यात पाय टाकायचा नाही, घरात साखर संपली तरी." मी मनात म्हटलं, आता साखरेलाही रंग आहे का? पण नवी सून, बोलणार कुणाला.

तर हे त्या कॉफीघराच्या असिमोविषयी. मी तिला ताई म्हणते, माझी लेक मिर्तो मावशी म्हणते, आणि म्हातारे नुसतंच "असिमो, एक कॉफी, कमी गोड" असं ओरडतात. ती जिवंत आहे, धडधाकट आहे, आणि हे सगळं मी लिहिलंय हे कळलं तर लाटणं घेऊन येईल. येऊ दे. तिचे उपकार माझ्यावर इतके आहेत की एकदा तरी मोठ्याने म्हणून टाकायला हवेत.

निळा आणि हिरवा म्हणजे आमच्याकडचे दोन पक्ष, आणि असिमोताई जन्माने निळी. चौकातल्या चिनाराच्या अलीकडे तिच्या बापाचं, म्हणजे झीसिसकाकांचं, निळं कॉफीघर होतं. पलीकडे लांब्रोसच्या बापाचं हिरवं. असिमो आणि लांब्रोस एकमेकांना लहानपणापासून बघत होते, पण ते दोन दुकानांच्या दारांतून. मग एका उन्हाळ्यात ती सरळ चौक ओलांडून गेली आणि हिरव्या घरची सून झाली. गावात भूकंप झाला असता तर लोकांनी कमी चर्चा केली असती. झीसिसकाकांनी चिनाराकडे पाठ करून बसायला सुरुवात केली. भर हिवाळ्यात उन्हाकडे पाठ करून बसायचा तो माणूस, पण लेकीच्या दारात नजर जाऊ द्यायचा नाही.

तेव्हाची तरणी पोरं राजकारणासाठी डोकी फोडायची. आज हे म्हातारे टीव्हीवर बघून हळहळतात, आजकालच्या पोरांना देशाचं काही पडलेलं नाही, आमच्या वेळी बघा कशी आग होती. कसली आग हो. हिरवे आले की हिरव्यांची पोरं सरकारी नोकरीला चिकटायची, निळे आले की निळ्यांची. माझा नवरा स्ताथिस पोस्टात लागला तो आमदाराच्या गाडीवर झेंडा धरून उभा राहिला म्हणून. देशप्रेम होतं, नाही म्हणत नाही, पण त्याला पगार होता. मग वाईट दिवस आले, नोकऱ्या आटल्या, पोस्ट बंद झालं, शाळा बंद झाली. दोन्ही रंगांच्या हातात द्यायला काही उरलं नाही, आणि पोरांनी खाली अथेन्सची वाट धरली. खुर्च्यांवर म्हातारे उरले. सुंभ जळला, पीळ तेवढा राहिला.

झीसिसकाका वारले तेव्हा निळं कॉफीघर बंद पडलं. चाळिसाव्याला की कधी, नक्की आठवत नाही, असिमोताई बापाच्या दुकानात गेली आणि एकेक निळी खुर्ची डोक्यावर घेऊन चौक ओलांडून आणायला लागली. लांब्रोसभावजी दारात उभे. सगळे म्हणाले, आता भडका उडतो. पण ते सरळ गेले आणि एक निळी खुर्ची उचलून आणली. संध्याकाळी निळे म्हातारे चौकात उभे राहिले, बसायला जागा नाही, कॉफी नाही. मग आपापल्या खुर्चीमागून एकेक जण आत आला. तेव्हापासून एकाच छताखाली डावीकडे निळ्या, उजवीकडे हिरव्या. मधून असिमोताई ट्रे घेऊन फिरते आणि दोन्हीकडच्या शिव्या खाते. लांब्रोसभावजी गेल्यावरही तिने ते तसंच चालवलं.

आता कोऱ्या चिठ्ठीचं सांगते, कारण सगळं रामायण तिथूनच झालं.

आमच्याकडे मत द्यायला आपापल्या गावी यावं लागतं, त्यामुळे निवडणुकीच्या रविवारी बंद घरांच्या खिडक्या उघडतात आणि गाव जिवंत होतं. शाळेत पेटी ठेवतात. प्रत्येकाला सगळ्या पक्षांच्या चिठ्ठ्या आणि एक कोरी असा गठ्ठा देतात. पडद्यामागे जायचं, एक चिठ्ठी पाकिटात घालायची, बाकीच्या टोपलीत फेकायच्या. संध्याकाळी तिथेच मोजणी. गाव एवढंसं, त्यामुळे गुप्त मतदान वगैरे सगळं कागदावर. कुणाचं मत कुठे पडलं हे म्हातारे बोटांवर मोजून सांगतात. फक्त एक कोडं त्यांना कधी सुटलं नाही. दर निवडणुकीला एक कोरी चिठ्ठी निघायची. एकच. दरवेळी नवा संशयित. आधी मास्तर, मग मास्तरांची बदली झाल्यावर वरचा धनगर, मग पाद्रीबुवांची बायको. धनगर तर एकदा बायबलवर हात ठेवून शपथ घेऊन गेला होता.

मागच्या निवडणुकीला आमची मिर्तो पहिल्यांदा मत द्यायला आली. अथेन्सला एका गोदामात रात्रपाळी करायची, दिवसा कॉलेज. डोळ्यांखाली काळं. बसमधून उतरून सरळ कॉफीघरात आली आणि दमून समोरची पहिली खुर्ची ओढून बसली. निळी. हिरव्यांच्या टेबलाला.

थिमिओसकाका, म्हणजे आमच्या हिरव्यांचे भीष्म, काठी आपटून म्हणाले, "पोरी, ती खुर्ची आपली नाही."

"काका, हिला चार पाय आहेत, मला दोन. मला तेवढं पुरतं."

पलीकडचे निळे फिदीफिदी हसले. स्ताथिसच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याने विचारलं, "मत कुणाला देणारेस?" आता, त्याने नीट विचारलं असतं तर गोष्ट वेगळी. पण तो असं विचारत होता जसं पोस्टात पाकिटावर शिक्का मारतात.

मिर्तो म्हणाली, "बाबा, निळे काय नि हिरवे काय. दोघांच्याही राज्यात माझं भाडं वाढतं आणि पगार आहे तिथेच राहतो. मला तुमच्या भांडणात रस नाही."

संध्याकाळी मोजणी झाली. नेहमीसारखी एक कोरी निघाली. भरल्या कॉफीघरात, सगळ्यांदेखत, स्ताथिस म्हणाला, "यंदा शोधायला नको. आमच्याच घरची आहे. देश बुडाला तरी मॅडमना काय त्याचं."

मिर्तो उठली.  त्याच संध्याकाळच्या बसने परत गेली, आणि मग ना ईस्टरला आली ना ऑगस्टच्या जत्रेला.

मला फोनवर तिने सांगितलं. कोरी तिची नव्हतीच. कासवाचं चिन्ह असलेला एक छोटा पक्ष उभा होता, भाड्याबद्दल, रात्रपाळीबद्दल, डोंगरातल्या बंद दवाखान्यांबद्दल बोलणारा. तिने रात्र रात्र जागून त्यांची पत्रकं वाचली होती. मैत्रिणींबरोबर दारोदार वाटलीही होती. पोर सात-आठ तास बसमधून आली ती त्या कासवासाठी. आणि बघा, त्या दिवशी कासवाला आमच्या पेटीत एक मत पडलं होतं. फळ्यावर लिहिलंही होतं. कुणाचं लक्ष गेलं नाही. थिमिओसकाका म्हणाले, कुणाचा तरी हात घसरला असेल, आणि सगळे हसले.

"मग बाबांना सांगते मी," मी म्हटलं.

"आई, तुला माझी शपथ. बाबांनी मला विचारायला हवं. नीट. सगळं जग माझ्या पिढीला काय वाटतं ते टीव्हीवर सांगतं. घरातल्या माणसाने तरी विचारावं की नको?"

तरी मी एवढं सांगून पाहिलं की कोरी तिची नव्हती. स्ताथिस म्हणाला, "तू आई आहेस, तू असंच म्हणणार." पालथ्या घड्यावर पाणी. वर्षं गेली. बाप आणि लेक, दोघांच्या मध्ये मी. फोन आला की तो अंगणात जायचा आणि भिंतीशी उभा राहून ऐकायचा. मला दिसायचं ना. पण विचारायचा नाही.

मी मिर्तोला बसने डबा पाठवला तर ती म्हणायची, त्या घरातून काही नको. तेव्हा असिमोताई एकदा म्हणाली, "तुझा ट्रे आण इकडे." मी दिला. तिने त्यात रानभाजी आणि चीजची पाई केली, फडकं बांधलं आणि ड्रायव्हरच्या हाती दिली, "असिमोने पाठवलंय म्हणून सांग." मिर्तोने ती खाल्ली. रिकामा ट्रे धुऊन परत आला. मग दर महिन्याला जायला लागला. पीठ माझं, लोणी माझं, हात असिमोताईचा, नाव असिमोताईचं. माझ्या पोरीच्या पोटात माझ्या घरचं अन्न जात होतं आणि तिला ते कळत नव्हतं. मी असिमोताईचे पाय धरायला गेले तर म्हणाली, "सरक, तूप गळतंय." मला तेव्हा वाटलं, केवढी ही भली बाई. ती भली आहेच. पण तिच्या मनात दुसरंही काही होतं, ते मला नंतर कळलं.

या निवडणुकीआधी जिल्ह्यातून कागद आला. मतदान समितीत कोण बसणार त्याची सोडत निघते, आणि नाव निघालं की टाळता येत नाही, दंड होतो. नाव निघालं होतं मिर्तोचं. बोलावलं कुणी नाही, पण सरकारने आणली माझी पोर घरी. आयुष्यात पहिल्यांदा मला सरकार भलं वाटलं.

स्ताथिसला सांगितलं तर म्हणाला, "येऊ दे, मला काय." आणि लगेच शिडी घेऊन पायऱ्यांवरच्या वेलाची छाटणी करायला गेला. जानेवारीतल्यासारखी थंडी, आणि हा पोरीच्या वाटेवरचा वेल छाटतोय.

मिर्तो शनिवारी आली आणि आमच्याकडे उतरली नाही. असिमोताईकडे उतरली. आमचं घर तिथून दोन गल्ल्या वर. मी खिडकीतून तिथला दिवा बघत बसले. असो.

रविवारी सकाळी मी शाळेत गेले. निवडणुकीवर देखरेख करायला खाली लारिसा शहरातून इरो नावाची एक तरणी वकील आली होती, शहरी उंच टाचा घालून. चौकातल्या दगडांनी तिची अशी खोड मोडली की असिमोताईने तिला स्वतःचे लोकरीचे मोजे आणि गोठ्यातले बूट दिले. ती दिवसभर वकिली कोट आणि गोठ्याच्या बुटांत बसून होती. शेजारी माझी मिर्तो.

"ओळखपत्र," मिर्तो म्हणाली.

"अगं, आई आहे तुझी."

"माहितेय. ओळखपत्र."

दिलं. काय करते. तिने गठ्ठा दिला तेव्हा तिची बोटं माझ्या हाताला क्षणभर लागली. मी पडद्यामागे गेले, मत दिलं आणि बाहेर आले. ते कुणाला दिलं ते शेवटी सांगते.

थिमिओसकाका आले आणि सगळ्यांसमोर हिरवी चिठ्ठी काढून पाकिटात घालायला लागले. इरो ओरडली, "आजोबा, पडद्यामागे जावं लागतं."

"कशाला? मी चोरी केलीय?"

"काका," मिर्तो म्हणाली, "पडद्यामागे एक खुर्ची ठेवलीय. गुडघे दुखत असतील, जरा बसून घ्या."

"कुठल्या रंगाची?"

"शाळेची आहे. लाकडी."

गेले बापडे.

मग स्ताथिस. लग्नातला सूट, केसांना पाणी लावून. मिर्तोने वर पाहिलं नाही. "ओळखपत्र." त्याने दिलं. तिने ते उगाच जास्त वेळ पाहिलं, फोटो जुना होता, तेव्हा त्याच्या मिशा काळ्या होत्या. त्याने तोंड उघडलं. मी दारात उभी राहून मनात म्हणत होते, विचार रे बाबा, एवढंच विचार, कशी आहेस. त्याने खोकून घेतलं आणि पडद्यामागे गेला.

असिमोताई नेहमीप्रमाणे सगळ्यात शेवटी आली, दुकान एक मिनिट माझ्यावर टाकून. शाळा चौकातच, मी कॉफीघराच्या दारातून बघत होते. दरवेळी ती आत जायची नि लगेच बाहेर यायची. या वेळी बाहेरच येईना. निळे म्हणाले, चक्कर आली की काय. मग आली. कपाळावर घाम. एप्रनला हात पुसत माझ्याजवळ आली नि म्हणाली, "कॉफी उतू गेली ना? मला वाटलंच."

संध्याकाळी मोजणी झाली. आम्ही सगळे कॉफीघरात, टीव्ही चालू, तो कुणी ऐकत नव्हतं, सगळे आमच्याच पेटीची वाट बघत होते. मिर्तो आणि इरो आत आल्या. इरोला मतांची थैली पोलिसांबरोबर खाली तालुक्याला न्यायची होती, त्याआधी दोन घास खायला आली होती. मिर्तोने आकडे सांगितले. निळे इतके, हिरवे इतके, कासव दोन, बाकीचे किरकोळ.

"आणि कोरी?" थिमिओसकाकांनी विचारलं.

"कोरी एकही नाही."

 एवढ्या वर्षांत असं झालं नव्हतं. मला खरंच चुकल्याचुकल्यासारखं वाटलं, जसं देवळातली घंटा एका संध्याकाळी वाजलीच नाही.

मग स्ताथिस हसला. देवाशपथ सांगते, तो आनंदाने हसला, त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. कौतुक करायला गेला मूर्ख. उठून सगळ्यांना म्हणाला, "पाहिलंत? पोरीला दिवसभर पेटीपुढे बसवलं, आली की नाही अक्कल? म्हणून कोरी गायब."

मिर्तोचा चेहरा मी पाहिला. तिने हातातला घास ताटात ठेवला, पिशवी उचलली आणि इरोला विचारलं, "तुझ्या गाडीत मला जागा आहे?"

इरोला काही कळेना. "आहे, पण..."

"मग निघू या."

मला वाटलं, संपलं. आता ही गेली ती गेलीच. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले, जणू मी तिथे उभी आहे म्हणून ती जाणार नाही.

तेवढ्यात असिमोताईने ट्रे टेबलावर ठेवला. आपटला नाही, ठेवला. "मिर्तो, बस खाली. स्ताथिस, तो टीव्ही बंद कर."

त्याने केला.

"कोरी चिठ्ठी माझी होती," ती म्हणाली. "मागची माझी. त्याच्या आधीची माझी. मास्तरची नाही, धनगराची नाही, सगळ्या माझ्याच."

थिमिओसकाका म्हणाले, "चेष्टा करतेस."

"लग्न झालं आणि चारच महिन्यांत निवडणूक आली. बापाने पाद्रीबुवांकडून निरोप पाठवला, सांगा माझ्या पोरीला, रक्त निळं आहे. सासरा म्हणाला, मीठ आमचं खातेस. इकडे आड, तिकडे विहीर. मी पडद्यामागे रडले आणि कोरी टाकली. संध्याकाळी दोघांनी आपापली मतं मोजली, दोघांनाही वाटलं मी त्यांच्याकडे आहे. त्यानंतर महिन्याभरातच बाप पुन्हा चिनाराकडे तोंड करून बसला. मग मी काय करायला हवं होतं? पुढल्या वेळीही तेच केलं. मग खुर्च्या इकडे आणल्या, मग तर बोलायलाच नको."

"म्हणजे तू कधी आमची नव्हतीस?" हे निळ्यांकडून आलं. "आमचीही नव्हतीस?" हे हिरव्यांकडून.

"एकाची झाले असते तर सोमवारी दुसऱ्याने कॉफी कुणाच्या हातची प्यायली असती?" ती म्हणाली. 

मग ती स्ताथिसकडे वळली. "मागच्या वेळी तू पोरीला बोललास तेव्हा मी आत लोणी कढवत होते. मला ऐकू आलं. बाहेर यायला हवं होतं. नाही आले. वाटलं, आज बोलले तर उद्या दुकान दुभंगेल. आणि पोर तरुण आहे, विसरेल. नाही विसरली. मी पाया पडले तरी ते दिवस परत येणार नाहीत. म्हणून या वेळी कोरी टाकलीच नाही. म्हटलं, कोरी निघाली नाही की विषय संपेल. तर तुम्ही अकलेचे कांदे उलटंच बोलायला लागलात."

मला राग आला का? आला. माझी पोर इतके दिवस बाहेर राहिली आणि हिला माहीत होतं. ट्रेमधली प्रत्येक पाई माझ्या डोळ्यांसमोर आली, आणि मला कळलं ती का एवढा जीव ओतून करायची. पण राग पुरा वर यायच्या आत दुसरंच काही आलं. या बाईने आयुष्यभर जे जपलं, ते माझ्या पोरीसाठी सगळ्यांपुढे मोडून टाकलं. उद्या हे म्हातारे कॉफी प्यायला येतील की नाही, तिला माहीत नव्हतं. तरी बोलली. कुणासाठी एवढं कोण करतं?

स्ताथिस उभाच होता. चेहरा उतरलेला. हळूच म्हणाला, "मग हिने कुणाला दिलं होतं?"

"मला काय विचारतोस?" असिमोताई म्हणाली. "ती काय फोटोतली आहे? समोर उभी आहे."

 मग त्याने हाताला लागली ती खुर्ची ओढली आणि मिर्तोच्या टेबलाशी बसला. खुर्ची निळी होती. त्याला कळलंही नाही. थिमिओसकाकांना कळलं, पण त्यांनी काठी आपटली नाही.

"मिर्तो," तो म्हणाला, "तू मागच्या वेळी कुणाला मत दिलंस? सांगायचं नसेल तर नको सांगू. पण का दिलंस ते सांग. मला ऐकायचंय."

मिर्तोने पिशवी खाली ठेवली. "कासवाला," ती म्हणाली.

थिमिओसकाका म्हणाले, "ते एक मत? आम्ही म्हटलं कुणाचा हात घसरला."

"हात घसरला नव्हता, काका."

आणि मग ती बोलायला लागली. भाड्याचं, रात्रपाळीचं, बरोबरच्या मुलीला गोदामात चक्कर आली त्याचं, आपल्या गावच्या दवाखान्याचं, ज्याच्या दारावर अजून कुलूप आहे. इरोने थैली उचलली आणि बूट परत द्यायचे विसरून एकटीच गेली.  सत्तावीस वर्षांच्या संसारात मी स्ताथिसला एवढा वेळ ऐकून घेताना पाहिलेलं नाही. एकदाच त्याने विचारलं, "मग हे तुम्ही लोक आम्हाला आधी का नाही सांगत?" मिर्तो म्हणाली, "तुम्ही खुर्ची विचारता, बाबा." त्याने खाली पाहिलं, मग खुर्ची पाहिली, आणि तिथेच बसून राहिला.

थोड्या वेळाने एका निळ्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "थांबा. यंदा कासवाला दोन. एक मिर्तोचं. दुसरं?"

सगळ्यांच्या माना असिमोताईकडे वळल्या. आज कोरी टाकली नाही, पडद्यामागे एवढा वेळ लावला, अजून काय पुरावा हवा? थिमिओसकाका म्हणाले, "असिमो, या वयात कासव?" सगळे हसायला लागले.

आता सांगते. ते दुसरं मत माझं होतं. हिरव्या घरच्या सुनेचं, पोस्टमनच्या बायकोचं. मी मिर्तोची ती पत्रकं तिच्याकडून मागवून, पिठाच्या डब्यामागे ठेवून वाचली होती. सगळं पटलं असं नाही, पण बरंच पटलं. माझ्या पोरीने मला विचार करायला लावलं, एवढ्या वयात. आणि त्या क्षणी स्ताथिस इतका नाजूक होऊन बसला होता की मी तोंड उघडलं असतं तर त्या संध्याकाळचं काय झालं असतं, कुणास ठाऊक. मी मूग गिळून उभी राहिले. कान तापले. असिमोताईने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. तिला कळलं, तिच्यापासून काही लपत नाही.

"हो, कासव," ती म्हाताऱ्यांना म्हणाली. "बोला, काय म्हणायचंय?"

तिचं खरं मत कुणाला पडलं होतं, निळ्याला की हिरव्याला, ते आजवर कुणाला माहीत नाही. मीही विचारलेलं नाही. ज्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा आपल्या मनाचं मत दिलं, तिने त्याच संध्याकाळी ते माझ्यासाठी झाकून टाकलं.

दुसऱ्या दिवशी म्हातारे आले. उशिरा आले, तोंडं पाडून आले, पण आले. मिर्तो आमच्या घरी झोपली होती, स्ताथिस तिच्यासाठी अंडी आणायला खालच्या आळीत गेला होता. मी कॉफीघराच्या आतल्या खोलीत असिमोताईचा हात धरला आणि म्हटलं, "ताई, मी हे कधी फेडू?"

"तुझा ट्रे धुऊन ठेवलाय," ती म्हणाली. "पुढच्या वेळी पाई तूच कर. आणि तिला सांग कुणाच्या पिठाची आहे ते."